मोठी डिस्क नंतर, आधी पिना मोकळ्या करा: कोकणातल्या जुन्या स्पोर्ट्स कारचे ब्रेक

होंडा सिटी व्हीटेक, फियाटची पालिओ १.६, मित्सुबिशीची सीडिया, स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस, क्वचित कुणाकडे गोव्यात बनलेली दोन सीटांची सॅन स्टॉर्म, नाहीतर बाहेरून आणलेली एखादी माझदाची एमएक्स-५. पनवेलपासून सावंतवाडीपर्यंत ‘आमच्याकडे जुनी स्पोर्ट्स कार आहे’ असं कुणी म्हणालं तर ती बहुधा या जातीतली असते. गाडी हातात आली की अलॉय आणि सायलेन्सरवर पैसे जातात, मग इंजिनवर, आणि पहिल्यांदा भरधाव कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरून खाली आलं की ब्रेकची आठवण होते. लगेच मोबाइलवर लाल रंगाचे चार पिस्टनचे कॅलिपर (म्हणजे चाकाबरोबर फिरणारी डिस्क दोन पॅडमध्ये आवळणारे चिमटे) शोधायला सुरुवात.

माझं मत आधीच सांगतो. कोकणात ब्रेकचे शत्रू दोन: घाटातली उष्णता आणि समुद्राची खारी हवा. लाल कॅलिपर यातल्या पहिल्यावर थोडाफार इलाज करतो, दुसऱ्यावर काहीच नाही. म्हणून पैसे कुठल्या क्रमाने घालायचे हे महत्त्वाचं, आणि त्या क्रमात मोठ्या डिस्क-कॅलिपरचं किट सगळ्यात शेवटी येतं. बऱ्याच गाड्यांना त्याची पाळी येतच नाही.

ब्रेक नेमका कुठे कमी पडतोय ते आधी ओळखा

‘ब्रेक लागत नाही’ या एका वाक्यात तीन वेगळे आजार असतात.

पेडल दगडासारखं कडक लागतंय, पाय जोरात दाबलाय, पण गाडी पुढे सरकतेच आहे आणि वास येतोय. हे पॅड तापून गुळगुळीत झाल्याचं लक्षण. पॅड त्याच्या सोसण्याच्या पलीकडे गेला.

पेडल मऊ झालंय, घाटाच्या वर ठीक होतं आणि खाली येईपर्यंत फ्लोअरकडे जायला लागलं. हे ब्रेक ऑइल उकळल्याचं लक्षण. नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पायाचा जोर वाफ दाबण्यातच जातो. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा वर येतं, म्हणून लोक विसरून जातात. विसरू नका, तिन्हीत हा सगळ्यात वाईट.

तिसरं म्हणजे पेडल ठीक, ब्रेकही लागतो, पण चाकं लगेच घसरतात किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरायला लागतो. इथे ब्रेकचा दोषच नाही, टायर संपलेत. चाक लॉक करण्याइतका जोर असलेल्या ब्रेकवर आणखी मोठी डिस्क लावून गाडी एक फूटही आधी थांबत नाही. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे बघा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी सहा-सात वर्षांचा, उन्हात उभ्या गाडीवरचा टायर लाकूड झालेला असतो, आणि जांभ्याच्या लाल धुळीवर पहिला पाऊस पडल्यावर तर विचारूच नका. तिसरं लक्षण असेल तर पुढचा लेख बाजूला ठेवा आणि चार चांगले टायर घ्या.

घाट म्हणजे नेमकी किती उष्णता

माणसांसकट १२०० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर सुमारे ४६० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. पुढच्या चाकांवर साधारण ७० टक्के भार धरला आणि पुढची एक डिस्क ६ किलोची मानली, तर अशा एका थांबण्याने ती डिस्क पन्नास-साठ अंशांनी तापते. एवढंच असेल तर काहीच नाही, दोन मिनिटांत वाऱ्याने गार होते.

आता तीच गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणा. उतरताना ५,९०० किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे १०० वरून बारा-तेरा वेळा कचकन थांबवल्याइतकी, तीही वेग कमी असताना, डिस्कला वारा कमी मिळत असताना. यातला मोठा वाटा इंजिन आणि हवेचा विरोध घेऊ शकतात, पण गाडी सेकंड-थर्ड गियरमध्ये असेल तरच. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणारे महाभाग अजून भेटतात. ते हा सगळा भार स्वतः होऊन पॅडवर टाकतात, आणि इंजिनच बंद केलं असेल तर दोन-तीन दाबांनंतर पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरचा व्हॅक्यूमही संपतो.

तेव्हा पहिली ‘सुधारणा’ फुकट आहे: ज्या गियरमध्ये घाट चढला असता, त्याच गियरमध्ये उतरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. वळणाआधी नीट दाबा, वेग उतरवा, सोडा, डिस्कला श्वास घेऊ द्या. एवढं करूनही पेडल मऊ पडत असेल तरच खिशात हात घाला.

खोला आणि बघा

एक रविवार यासाठी काढा. जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालायचा नाही, स्टँड लावायलाच हवेत. अंगणातला जांभ्याचा चिरा टेकू म्हणून लावायचा मोह इकडे सगळ्यांना होतो. चिरा दाबाखाली कधी फुटेल ते सांगता येत नाही, विशेषतः पावसात भिजलेला. माती मऊ असेल तर स्टँडखाली जाड फळी टाका.

चाक काढलं की कॅलिपर सोडवून दोन्ही पॅड शेजारी शेजारी ठेवा. किनारपट्टीवरच्या गाडीत इथेच निम्मं निदान होतं. आतला पॅड लोखंडापर्यंत घासलेला आणि बाहेरचा अर्धाअधिक शिल्लक, असं दिसलं तर कॅलिपरच्या सरकत्या पिना जॅम आहेत. एका पिस्टनचा कॅलिपर या पिनांवर सरकूनच बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. पीन गंजली की फक्त आतला पॅड काम करतो, म्हणजे त्या चाकाचा ब्रेक अर्धा राहतो आणि तापतो दुप्पट. पीन ओढून काढा: नवी पीन बोटाने फिरते आणि सरकते, खराब पीन हातोडीशिवाय निघत नाही, तिच्यावर तपकिरी कवच असतं आणि रबरी बूट कुठेतरी फाटलेला असतो. बूट फाटला, खारं पाणी आत गेलं, काम झालं. पिना आणि बूट नवीन घ्या आणि सिलिकोनचं ब्रेक ग्रीसच लावा. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस लावलंत तर रबर फुगतं आणि महिन्याभरात पीन परत अडकते. गॅरेजमध्ये हेच पिवळं ग्रीस सर्रास चोपडतात, समोर उभं राहून थांबवावं लागतं.

पिस्टन मागे दाबून बघा. जोर लावूनही जात नसेल किंवा त्याच्या अंगावर गंजाचे खड्डे असतील तर नुसतं रबर किट टाकून उपयोग नाही, पिस्टनही बदला. खड्ड्यावर नवी सीलसुद्धा टिकत नाही.

डिस्कवर रात्रीतून येणारा केशरी गंज दोन-तीन ब्रेकमध्ये पुसला जातो, त्याची काळजी नको. काळजी आहे ती दोन डिस्कपाट्यांमधल्या हवेच्या फटींची. टॉर्च मारून आत बघा. लाल चिखल आणि गंजाने त्या निम्म्या बुजल्या असतील तर तुमची हवा खेळती डिस्क आता बिनफटीची झाली आहे. जाडी मोजा आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ताडून बघा. त्याच्या जवळ आली असेल तर लेथवर फेसिंग करून आणखी पातळ करू नका. पातळ डिस्क उष्णता साठवू शकत नाही. नवी घ्या.

पॅडची कडाही बघा. खाऱ्या हवेत पॅडच्या लोखंडी पाठीवर गंज चढतो आणि वरचा थर आतून उचलला जातो. कडेला केसाएवढी भेग दिसली तर पॅड कितीही जाड असो, फेकून द्या. आणि ड्रम (मागच्या चाकातला गोल डबा, ज्याला आतून लायनर घासतात) किंवा कॅलिपरमधली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसा.

मागचे ड्रम सगळ्यात दुर्लक्षित. लायनर आपोआप जवळ आणणारा अ‍ॅडजस्टर गंजून बसला की लायनर आणि ड्रममधलं अंतर वाढत जातं, पेडल खाली जातं आणि लोक पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर टाकणारा मास्टर सिलिंडर बदलतात. ड्रम काढा, अ‍ॅडजस्टरचे आटे साफ करा, लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून ओलं आहे का बघा. मागे डिस्क बसवायचं खूळ मात्र डोक्यातून काढा. हँडब्रेकपासून दाबाच्या वाटणीपर्यंत सगळं बदलावं लागतं आणि हाती फारसं काही लागत नाही.

शेवटी लोखंडी ब्रेक नळ्या. चाकाच्या कमानीतून आणि पेट्रोल टाकीच्या वरून जाणारा भाग हाताने चाचपा. रंग फुगलेला असेल तिथे नखाने खरवडा. खपली निघून खड्डा दिसला तर ती नळी घाटासाठी बाद. बदलताना मिळाली तर तांबे-निकेल मिश्रधातूची नळी घ्या, ती खाऱ्या हवेत गंजत नाही. नुसत्या तांब्याची नको, ती थरथरीने कडक होऊन तडकते.

ब्रेक ऑइल: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात जास्त फायदा

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं आणि ओल वाढली की त्याचा उकळबिंदू कोसळतो. डब्यावर ‘डॉट’ असा दर्जा लिहिलेला असतो. त्याच्या मानकातले किमान उकळबिंदू असे: डॉट ३ नवं असताना २०५ अंश, ओल शिरल्यावर १४०. डॉट ४ नवं २३०, ओलं १५५. डॉट ५.१ नवं २६०, ओलं १८०. ‘ओलं’ म्हणजे त्यात ३.७ टक्के पाणी. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने दमट हवा असलेल्या गावात तुमच्या हिशेबाचा आकडा हा दुसरा, डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेला पहिला नव्हे.

दोन-तीन वर्षं न बदललेलं डॉट ३ घेऊन तुम्ही घाटात आलात तर ते डब्यावरच्या आकड्याच्या कितीतरी आधी उकळेल. चांगलं डॉट ४ किंवा ५.१ भरा आणि दरवर्षी बदला. मी पावसाळा संपल्यावर बदलतो, दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी, म्हणजे विसरायला होत नाही. डॉट ५ मात्र वेगळी चीज आहे. ते सिलिकोनचं असतं, इतरांत मिसळत नाही. नावातल्या सारखेपणाला फसू नका. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरायचा नाही.

नळ्यांतली हवा म्हणजे एअर काढताना क्रम साधारण मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं. ब्रेकच्या लाइन तिरप्या विभागलेल्या असतील तर क्रम बदलतो, त्या गाडीचं मॅन्युअल बघा. एक गोष्ट आवर्जून: जुन्या गाडीत एअर काढताना पेडल पूर्ण फ्लोअरला टेकवू नका. रोजच्या वापरात मास्टरची सील जिथपर्यंत कधी जात नाही तिथे सिलिंडरच्या आत गंज बसलेला असतो, आणि त्यावरून सील गेली की फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. सकाळी चांगला असलेला मास्टर संध्याकाळी गळायला लागतो तो असाच. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली असेल तर ती घरी निघणं कठीण, स्कॅनरवाला गाठा. आणि ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उतरतो.

चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या वीसेक वर्षांच्या असतील तर त्याही याच वेळी बदला. त्या दाबाखाली फुगतात आणि काही वेळा आतून सुजून बंद होतात, मग पाय उचलला तरी ब्रेक सुटत नाही. स्टीलच्या जाळीच्या नळ्यांनी पेडल घट्ट लागतं हे खरं, पण थांबायचं अंतर कमी होत नाही. घ्यायच्याच तर वर प्लास्टिकचं आवरण असलेल्या घ्या. उघड्या जाळीत किनाऱ्यावरची वाळू शिरते आणि आतली नळी कापत राहते. जोडाचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे.

पॅड निवडताना

पॅडच्या कडेला किंवा पाठीवर बऱ्याचदा दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर कमी तापमानाची पकड सांगतं, दुसरं गरम झाल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. तुम्हाला हवा तो पॅड एफएफ किंवा त्याच्या वरचा, आणि दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली न जाणारा. एफई असेल तर तो गावातल्या रस्त्यावर चांगला वाटेल आणि घाटात दगा देईल.

रेसिंगचा पॅड घेऊ नका. तो तापल्याशिवाय पकडत नाही. सकाळी घरातून निघून पहिल्या तिठ्यावर समोर एसटी आली की तुम्हाला थंड पॅडनेच थांबायचं असतं. शिवाय कर्कश वाजतो आणि डिस्क खातो. रस्त्यासाठीचा, जरा वरच्या दर्जाचा पॅड पुरेसा आहे.

नवा पॅड, नवी डिस्क बसवताना हबच्या (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाची पापडी राहिली की डिस्क किंचित तिरकी बसते, आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरतं. मग सगळे म्हणतात ‘डिस्क वाकली’. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी असमान झालेली असते किंवा पॅडचा थर ठिकठिकाणी चिकटलेला असतो. डायल गेज (बारीक डोलणं मोजायचं यंत्र) असेल तर डिस्कचं डोलणं ०.०५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा.

मग पॅड बसवणं, म्हणजे डिस्कवर त्याचा सारखा थर चढवणं. सड्यावरचा एखादा सरळ, रिकामा रस्ता पहाटे गाठा. ताशी ६० वरून १५ पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा उतरवा, मध्ये पूर्ण थांबू नका. झाल्यावर ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवा. गरम असताना पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा शिक्का डिस्कवर उमटतो.

डिस्क साधी, हवेच्या फटींचीच घ्या. खाचा पाडलेली चालेल, पावसात पाणी थोडं लवकर झटकते, पॅड थोडा जास्त खाते. भोकं पाडलेली फोटोसाठी ठेवा. तापणं-गार होणं सुरू झालं की भोकांच्या कडेने तडे जातात, आणि भोकांत चिखल जाऊन बसतो तो वेगळाच.

आणि तरीही मोठं किट हवंच असेल

टायर नवे, पिना मोकळ्या, ऑइल ताजं, पॅड चांगले, आणि इंजिनाची ताकद वाढवल्यामुळे तरीही डिस्क सोसत नाही, असं असेल तर मोठ्या डिस्कला अर्थ आहे. तिच्यात लोखंड जास्त, म्हणून उष्णता जास्त मावते. पण आधी हिशेब करा.

समजा मूळचा एक पिस्टनचा कॅलिपर, पिस्टन ५४ मिलिमीटर, डिस्क २४० ची. नवा चार पिस्टनचा, प्रत्येक ४० मिलिमीटर, डिस्क २८० ची. चार पिस्टनमध्ये हिशेबात एका बाजूचे दोनच धरायचे. क्षेत्रफळ २,२९० वरून २,५१३ चौरस मिलिमीटर, म्हणजे दहा टक्के वाढ. पॅडची उंची ४५ धरली तर पकडीची त्रिज्या ९७.५ वरून ११७.५, म्हणजे वीस टक्के. दोन्ही मिळून पुढचा ब्रेक सुमारे ३२ टक्के जोरदार. पुढे-मागे ७०-३० असलेली वाटणी आता ७५-२५ च्या पुढे गेली. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं लवकर लॉक होतील, मागचे टायर आयते बसून राहतील, आणि थांबायचं अंतर प्रत्यक्षात वाढू शकतं. म्हणून असं किट शोधा ज्यात पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ मूळच्याइतकं किंवा किंचित कमी आहे आणि फायदा फक्त डिस्कच्या आकाराने मिळतोय. विकणाऱ्याला पिस्टनचा व्यास विचारा. सांगता आला नाही तर तिथून निघा.

उलट चूक जास्त घातक: फक्त मागचे ब्रेक वाढवणं, किंवा मागच्या ब्रेकचा दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह काढून टाकणं. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडी गिरकी घेते.

चाकात कॅलिपर मावतो का हे पुठ्ठ्याचा साचा कापून आधी तपासा. त्याच कंपनीच्या त्याच सांगाड्यावरच्या वरच्या मॉडेलचा कॅलिपर, डिस्क आणि ब्रॅकेट मिळत असेल तर ते बाजारातल्या चकचकीत किटपेक्षा बरं: धुळीपासून वाचवणारं रबर त्याला असतं आणि सुटे भागही पुढे मिळतात. रेससाठीच्या कित्येक कॅलिपरना पिस्टनवर बूटच नसतो. समुद्राकाठी ते एका पावसाळ्यात खलास. डिस्कमागचं पत्र्याचं कवच काढू नका, लाल खडी थेट डिस्कवर येते.

कागदाची बाजू विसरू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ नोंदीत बसणार नाहीत अशा बदलांवर बंधन आहे, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिलं तेच बघते. काम करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या, बिलं जपून ठेवा.

पडताळणी आणि पावसाळ्याची सवय

इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, फार महाग नाही. घाट उतरून सुरक्षित जागी थांबल्यावर चारही चाकांचं तापमान बघा. आकडा अगदी अचूक नसला तरी चालेल, डावं-उजवं ताडून बघायचं आहे. एकाच बाजूचं चाक खूप जास्त तापलं असेल तर तिथे पीन किंवा पिस्टन अडकतोय. पाणी ओतून डिस्क गार करू नका, तडकते.

दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीतून उतरल्यावर, किंवा पुळणीजवळ गाडी उभी केल्यावर, घरी आल्यावर चाकांच्या आतून गोड्या पाण्याने धुवा आणि लगेच उभी करू नका. गल्लीतून एक चक्कर मारून हलके ब्रेक लावत डिस्क सुकवा. पावसाळ्यात चार-पाच दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, मागचे लायनर ड्रमला चिकटतात. पहिल्या गियरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडी ओंडका लावा. गाडी महिनाभर मुंबईकर मालकाची वाट बघत उभी असेल तर शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा चालवायला सांगा, नुसतं इंजिन सुरू करून ब्रेकचं काही होत नाही.